भिंगारच्या मास्तरांचे विद्यार्थी

फसवलं? कुणी फसवलं? शास्त्रीबुवा, तो शब्द तेवढा परत घ्या — बाकी काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन, मुलीचे वडील आहात, तुमचा मान आहे. पण हे स्थळ घेऊन आले तेव्हा सुमंत मास्तरांनी तुम्हाला सांगितलं काय? 'मुलगा भिंगारला कॅम्पात शिकवतो.' हेच ना? मग मी शिकवत नाही? हे बघा समोर — ओळीनं बसलेत सगळे, कुणाची हूं नाही की चूं नाही, आणि मास्तरांकडे पाहुणे आलेत म्हणून कुणी मागच्या दारानं पळालेलं नाही. नगरातली अशी एक शाळा दाखवा मला. खुद्द सुमंत मास्तरांच्या वर्गात एवढी शांतता नसते, विचारा त्यांना. आता विद्यार्थी माणसांचे की आणखी कुणाचे, हे त्यांनी सांगितलं नाही — पण तुम्ही तरी कुठं विचारलंत? गोत्र विचारलंत, नाडी विचारलीत, माझ्या आजोबांचं आजोळ विचारलंत. विद्यार्थ्यांना शेपट्या आहेत का, एवढं विचारलं असतंत तर मास्तर खोटं बोलले नसते.

पाय खाली सोडा हो. खुर्चीवर मांडी घालून बसलात तर खुर्ची मोडेल, कुत्री काही चावायची नाही. ती चंपी. सोनईच्या एका आडत्याची आहे — वखारीत राखणीला हवी म्हणून पाठवली, पण फार गरीब निघाली. स्वभावानं म्हणतोय, आडत्या काही गरीब नाही. चोर आला तर ही त्याला पोती मोजून देईल. तो मोठा अल्सेशन कॅम्पातल्या पारशी दुकानदाराचा. आणि टोकाला बसलाय ना, डोळे मिटून, तो नव्या कर्नलसाहेबांचा — आता आपलेच लोक कर्नल झालेत, पण कुत्र्यांचा शौक गोऱ्यांचाच उचललाय, माझ्या पथ्यावर पडलं. — विटाळ? बसताना उपरणं सावरलंत तेव्हाच मी ओळखलं हे येणार. अहो, दत्ताच्या पायाशी काय आहे? चार कुत्री. ते चार वेद, असं मला तुमच्यासारख्याच शास्त्र्यांनी शिकवलं. मग तसबिरीतले वेद आणि अंगणातला विटाळ, असं कसं? — बरं, राहिलं. वाद नको. चहा घ्या. गुळाचा आहे, रेशनची साखर संपली. आईनं केलाय, सोवळ्यात केलाय, चंपीचा आणि चहाचा काही संबंध नाही.

मी कुत्र्यांचा मास्तर ठरवून झालो का? तुम्हीच सांगा, मुंजीत कुणी असा आशीर्वाद देतं का? आमचे वडील नगरातले वैदिक. पाच वर्षांचा होतो तेव्हापासून मला पहाटे समोर बसवून संथा द्यायचे — ते एकदा म्हणणार, मी दोनदा म्हणायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या डोक्यात ते राहायचंच नाही. म्हणजे आवाज राहायचा, चाल राहायची, शब्द पाझरून जायचे. इंग्रजी शाळेत घातलं, तिथं मॅट्रिकला आपटलो. दुसऱ्यांदाही आपटलो. तेवढ्यात लढाई लागली, कॅम्पात गोरे साहेब भराभर यायला लागले, आणि त्यांना हुकूम की आपल्या शिपायांची भाषा शिका, परीक्षा द्या. मग मी मुन्शी झालो. विल्किन म्हणून एक मेजर होता, लाल तोंडाचा, भला माणूस — त्याला मराठी शिकवायला रोज संध्याकाळी बंगल्यावर. मला वाटलं, चला, मास्तरकी तर मास्तरकी, वडिलांना तोंड दाखवता येईल.

आता तो मेजर! अहो, काय त्याची बुद्धी वर्णावी! आज्ञार्थ शिकवत होतो. म्हटलं साहेब, म्हणा — बस. ऊठ. इकडे ये. थांब. मला संथेशिवाय दुसरी रीत येत नाही, वडिलांनी दिली तशीच मी देणार — मी एकदा, तुम्ही दोनदा. साहेब म्हणे 'बाऽस', 'ऊऽट', आणि दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन साफ. असे दोन महिने गेले. आणि एक दिवस मी 'ऊठ' म्हटलं तर टेबल हललं. खाली वाकून बघतो तर साहेबाचा हेक्टर — केवढं थोरलं धूड, तपकिरी — उभा राहिलेला, डोक्यावर टेबल घेऊन. म्हटलं 'बस', बसला. 'इकडे ये', आला. 'थांब', थांबला. टेबलाखाली पडून सगळा आज्ञार्थ त्यानं पाठ केला होता! साहेब परीक्षेत नापास झाला, शास्त्रीबुवा, आणि हेक्टर पास. साहेबानं काय करावं? रागवावं की नाही? खो खो हसला, माझ्या पाठीत थाप मारली आणि म्हणाला, मुन्शी, माझं राहू दे, तू आता यालाच शिकव. झालं. त्या दिवसापासून मी हा धंदा करतो. म्हण आहे ना आपल्यात, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच — ज्यानं केली त्यानं विल्किन साहेबाला मराठी शिकवून बघितलेलं नव्हतं.

पण मला काय येत होतं? काही नाही. मला शिकवलं गनीभाईनं. साहेबाच्या कुत्र्यांवर तोच होता, म्हातारा, एक डोळा अधू. पहिल्याच दिवशी मी हेक्टरला 'बस बस बस बस' करत होतो, तर गनीभाई म्हणाला, "पंडत, कुत्रं बहिरं न्हाई. येकदाच सांगायचं, आन् मंग गप ऱ्हायचं. दोनदा सांगितलं की त्याला कळतं, ह्यो मानूस पैल्यांदा खरं बोलत न्हाई." आता बघा! वडील म्हणायचे दोनदा म्हण, गनीभाई म्हणतो एकदाच म्हण. या दोघांच्या मधे माझी विद्या तयार झाली. मी कुत्र्याला एकदाच सांगतो. माणसाला — ते आपलं तुम्ही बघताच आहात. आई म्हणते, यज्ञेश्वरा, कुत्र्यांशी बोलतोस तेवढं मोजून पाहुण्यांशी बोललास तर कधीच लग्न झालं असतं. — हो, गनीभाई आहे की अजून. हे अंगण तोच सांभाळतो. मांस-मच्छीचं तो बघतो, मी भात-दूध-भाकरीचं बघतो. तशी वाटणी आहे आमची, आईनंच घालून दिली.

आता पुण्याची गोष्ट तुमच्या कानावर आली असेलच. आली ना? 'विल्किन साहेबाच्या कुत्र्याची मुंज लावली' — हेच ऐकलंत ना? मुंज नाही हो लावली! लोक एकाचे दहा करतात. झालं होतं असं की हेक्टर माझं ऐकतो म्हणून त्याला जेवण द्यायचं कामही माझ्याकडे आलं. ताट त्याच्यापुढे ठेवायचं, 'थांब' म्हणायचं, मग 'घे' म्हणायचं. साधं आहे. पण माझा हात, शास्त्रीबुवा — मुंज झाल्यापासून या हातानं ताटाभोवती पाणी फिरवल्याशिवाय कधी घास घेतलेला नाही. समोर ताट आलं की उजवा तळवा आपोआप पाण्यात जातो. तुमचाही जातो. झोपेतही जाईल. हेक्टरचं ताट ठेवलं की मी तळव्यात पाणी घ्यायचो आणि ताटाभोवती फिरवायचो, मग 'घे'. मला ठाऊकसुद्धा नाही मी असं करतो ते! मंत्र नाही हो म्हटला, देवाशपथ — म्हणजे ओठ हलत असतील, तेवढं मी सांगू शकत नाही.

आणि मग मेजर गेला पुण्याला, रजेवर, कुत्र्याला घेऊन. मेमसाहेब तिथंच होती. तिकडून तार — कुत्रं जेवत नाही, ताबडतोब ये. मी दौंडला गाडी बदलून धावत-पळत गेलो. बघतो तर काय, हेक्टरच्या बरगड्या दिसायला लागलेल्या, पुढ्यात ताट भरलेलं, आणि हा ताटासमोर बसलेला. नुसता बसलेला. तोंडातून लाळ गळतेय, पण ताटाला तोंड लावत नाही. लष्करातले घोड्यांचे डॉक्टर आले होते, दात बघून गेले, पोट दाबून गेले, कुणी म्हणे जंत आहेत, कुणी म्हणे त्याला घरची आठवण येतेय. मेमसाहेबाचे डोळे सुजलेले. मला काही सुचेना. म्हटलं आधी ताजा भात आणा. आणला. ताट ठेवलं. आणि माझा हात गेला — तसाच, आपोआप — शेजारच्या तांब्यात गेला, पाणी फिरवलं, आणि हेक्टरनं मान खाली घालून गपागपा जेवायला सुरुवात केली!

सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी माझ्या हाताकडे बघतोय. तेव्हा कळलं मला काय करून बसलो होतो ते. त्याला 'घे' नव्हतंच कळलेलं कधी. त्याच्या लेखी ते ताट पाणी फिरवल्याशिवाय जेवायचंच नव्हतं. मेमसाहेब म्हणाली, हे मला शिकव. शिकवलं. ती डावरी. डाव्या हातानं फिरवलं, तर हेक्टरनं तोंड वळवलं. उजव्या हातानं, पण उलटं फिरवलं — परत तोंड वळवलं. शेवटी जमलं बाईला. मेजरनं स्वतः करून बघितलं, त्याचं मात्र पाणी ताटातच सांडायचं, भाताची पेज व्हायची. त्याची बुद्धी मी आधीच सांगितली.

हसलात? नाही? मला वाटलं हसलात. — नगरात ही बातमी माझ्या आधी पोचली. साहेबाच्या खानसाम्यानं सांगितली, त्याचं तिखटमीठ लावून घरोघर गेलं. वडील माझ्याशी बोलेनासे झाले. ताटावर बसले की तळव्यात पाणी घ्यायचे, माझ्याकडे बघायचे, आणि तसेच बसून राहायचे. त्याहून शिव्या बऱ्या होत्या. मी म्हणायचो, नोकरी सोडतो, आणि सोडायचो नाही — सोडवत नव्हती हो! आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मला येत होती. माझ्याहून कुणाला येत नव्हती. ते वडिलांना कसं सांगू?

मग साहेब रजेवरून भिंगारला परतल्यावर एक दिवस काय झालं, मी हेक्टरला जेवण देत होतो, आणि बंगल्याच्या कुंपणापलीकडे वडील उभे. नगराहून चालत आलेले. मी ताट ठेवलं, म्हटलं 'थांब'. पाणी हातात घेतलं आणि मुद्दाम थांबलो. हेक्टर बसला, मान ताठ, माझ्या तळव्याकडे डोळे. वडील तसे फार वेळ बघत राहिले. मी पाणी फिरवलं, तो जेवला. मग ते कुंपणाशी आले आणि म्हणाले, "यज्ञेश्वरा, संथा चांगली दिलीस. मला तुला अशी देता आली नाही." — मला रडू आलं हो, शास्त्रीबुवा. तिथंच, साहेबाच्या बंगल्यात, कुत्र्याच्या ताटाशी. पुढं घरी जाऊन त्यांनी अंघोळ केली, ती केलीच, पण रात्री जेवताना विचारलं, 'तो जेवला का?' मग रोज विचारायचे. गेले तोवर विचारायचे.

साहेब? गेला ना, पंधरा ऑगस्टनंतर सगळेच गेले. मला म्हणाला, चल विलायतेला. मी नाही गेलो. हेक्टर गेला. तिकडे म्हणे बाहेरून आलेल्या कुत्र्याला आधी सहा महिने सरकारी कोंडवाड्यात ठेवतात. मेमसाहेबाला येतं सगळं, पण कोंडवाड्यातल्या माणसाला कुणी सांगितलं असेल का? उजव्या हातानं, डावीकडून उजवीकडे — सांगितलं असेल ना? मी कधी कधी जेवायला बसलो की — असू दे. तुम्ही उठू नका. माझं बोलणं संपत आलंय.

मी स्पष्टच सांगतो. याच खुर्चीवरून राहुरीचे उठून गेले, श्रीगोंद्याचे गेले, एक तर पैठणहून आले होते, ते अंगणातूनच परत फिरले. मला वाईट वाटलं? खोटं कशाला बोलू, नाही वाटलं. पण तुम्ही गेलात तर वाटेल. मला हे लग्न करायचंय. दुसरीकडे करायचं नाही, इथंच करायचंय. तुमच्या नीलांबरीशी. कारण तिला कुत्र्यांची भीती नाही, किळस नाही, तिचा आवाज एकदाच येतो आणि स्पष्ट येतो, आणि हातात भाकरी असली तरी ती घाई करत नाही, आधी त्याच्या डोळ्यांत बघते, अशी मुलगी मी — कुठं बघितली? कुठं म्हणजे… सुमंत मास्तरांनी वर्णन केलं. — मास्तरांनी आवाजाचं वर्णन कसं केलं? बरोबर आहे तुमचं. नाही केलं.

बघितली मी. आता निघालंच आहे तोंडातून तर ऐका. वडिलांच्या वर्षश्राद्धाला तुमच्या पुणतांब्याला आलो होतो, गोदावरीवर. घाटावर एक कुत्रं होतं, काळं, पांढऱ्या पंजांचं. सगळं उरकल्यावर मी त्याला भाकरी दाखवली, तर त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मी! माझ्या हातची भाकरी! तेवढ्यात मागून आवाज आला, 'तो कुणाच्याच हातचं खात नाही.' तुमची नीलांबरी. एकटी नव्हती हो! तुमच्या भगिनी, बनुबाई, शेजारीच धुणं धूत होत्या, साक्षीला आहेत. मग मी म्हटलं, त्याला बसायला शिकवा, असं असं करा. त्यानंतर मी… दोन-चारदा आलो. गोदास्नानाला. बनुबाई दर वेळी धुणं धूत होत्या. आणि मास्तरांना तुमच्याकडे मी पाठवलंच नाही, शास्त्रीबुवा, बनुबाईंनी पाठवलं. नीलांबरीनं त्यांना सांगितलं. — अरेरे. हे सांगायचं नव्हतं. तिनं बजावलं होतं.

कुत्रं कुठलं? तुमचंच. म्हणजे, तुमच्या गोठ्यामागं राहतं ते. अहो, तुम्हाला माहीत आहे की ते, तुम्ही रोज पहाटे काठी घेऊन त्याला हाकलायला जाता, ती सांगते ना. 'दादांना कळलं तर माझी धडगत नाही' म्हणते, म्हणून बिचारी संध्याकाळी, तुम्ही पुराण सांगायला देवळात गेलात की पदराखाली भाकरी नेते. — झालं. तेही सांगितलं. माझ्या जिभेला काय झालंय आज? रागावू नका तिच्यावर. रागवायचं तर माझ्यावर रागवा. आणि ते कुत्रं तरी काय उपयोगाचं आहे? दोन महिने झाले, 'बस' शिकलेलं नाही! ती जीव तोडून शिकवते, मी सांगतो तसंच शिकवते, आणि ते भाकरीला तोंडच लावत नाही, जांभई देतं. कॅम्पातली चावरी कुत्री मी सरळ केली आणि त्या गोठ्यामागच्या काळ्यानं मला हरवलंय. अहो, त्याला भूकच लागत नाही, तिथं शिकवायचं काय कपाळ? —

काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला.

दूध-भात?

तुम्ही? रोज पहाटे? — आणि काठी? काठी नुसती लोकांना दाखवायला! वरून तूपही घालता? आणि पेढे? देवळातले?

शास्त्रीबुवा! अहो, तुम्ही शहाणे ना? दशग्रंथी ना? कुत्र्याला पेढे? पहाटे तुम्ही दूध-भात चारता, संध्याकाळी ती भाकरी नेते, आणि हे तिला ठाऊक नाही, ते तुम्हाला ठाऊक नाही — ते कुत्रं शिकणार कशाला? त्याला काय पडलंय? तुम्ही बिघडवलंत त्याला! ती पोर दोन महिने रोज संध्याकाळी गोठ्यामागं उभी राहून 'बस' म्हणतेय आणि तुम्ही त्याचं पोट आधीच फुगवून ठेवताय. मला वाटलं माझी विद्या आटली! मला रात्री झोप लागत नाही, आणि तिकडे तुम्ही तूप ओतताय! एका कुत्र्याला एकानंच घालायचं असतं, आणि एकाच वेळी. एवढं साधं — नाही, हसू नका, मला हसू येत नाहीये. मी इथं तासभर घसा कोरडा करतोय, तुमच्या धोतराकडे बघून चंपीला लांब बसवलंय, आणि तुम्ही — कुशीत घेता का हो त्याला? खरं सांगा. घेता. वाटलंच.

उठा. चहा राहू द्या. तुमची पत्रिका ठेवा तिकडे कोनाड्यात, लग्नाचं नंतर बघू, लग्न कुठं पळून जात नाही. स्टेशनवर जा, पुणतांब्याला जायला मनमाडची गाडी मिळेल अजून. उद्या पहाटे काठी घेऊन गोठ्यामागं जायचं नाही. दूध बंद. पेढे बंद. संध्याकाळी तिच्याबरोबर उभं राहायचं, तिच्यासमोर, आणि ती 'बस' म्हणेल तेव्हा तुम्ही मधे बोलायचं नाही. निघा आता.

निघा म्हटलं ना मी? एकदाच सांगतो.